प्रबंधातली गोष्ट काढू नका, पण तिचा पत्ता जपून ठेवा

प्रश्न थोडक्यात असा आहे. नाशिकची एक संशोधक विद्यार्थिनी पेठ तालुक्यातल्या पाड्यांवरून निफाड-दिंडोरीच्या द्राक्षबागांत कामाला जाणाऱ्या कुटुंबांवर प्रबंध लिहिते आहे. तिच्याकडे मोबाईल ॲपवर भरलेली १४० कुटुंबांची माहिती आहे, चाळीसेक तासांचं ध्वनिमुद्रण आहे, आणि त्याचं सॉफ्टवेअरने करून दिलेलं लेखी रूपही आहे. चौथं प्रकरण तिने तीन बायकांच्या एका हंगामावर लिहिलं. मार्गदर्शक म्हणाले, "ही कादंबरी झाली, इथे तक्ते घाला." लेखक असलेला मित्र म्हणाला, "तक्ते फेकून दे, कादंबरीच कर." ती विचारते: मानवशास्त्र कुठे संपतं आणि साहित्य कुठे सुरू होतं? तीन बायकांची मिळून एक बाई केली तर चालेल का? मुलाखतींचे गोषवारे सॉफ्टवेअरकडून करून घेतले तर?

मी या जिल्ह्याच्या पश्चिम पट्ट्यात पंचवीस वर्षांहून जास्त काळ फिरते आहे. सर्वेक्षणंही केली आणि लांबलचक टिपणंही लिहिली. म्हणून आधी उत्तर सांगते आणि मग त्याची कारणं. तुमचं प्रकरण साहित्यासारखं वाचलं जातं, यात काही चूक नाही. मी दोनच गोष्टी तपासते. तुमच्या प्रत्येक वाक्यावरून मागे चालत गेलं, तर वहीतलं पान, ती तारीख आणि ते घर सापडतं का? आणि त्या घरातलं माणूस तुम्हाला "असं नव्हतं झालं" म्हणू शकतं का? कादंबरीकारावर हे बंधन नाही. तुमच्यावर आहे, आणि ते तक्त्यालाही तितकंच लागू आहे.

तक्त्यालाही का, ते सांगते. काही वर्षांपूर्वी एका सर्वेक्षणावर देखरेखीचं काम माझ्याकडे होतं. दिवाळी होऊन गेली होती. एका पाड्यावर अंगणात एक बाई नागली पाखडत बसली होती आणि माहिती भरणारा मुलगा टॅबलेट घेऊन तिच्यासमोर उकिडवा बसला होता. प्रश्न होता, स्थलांतराचं कारण. पर्याय चार: रोजगार, शिक्षण, विवाह, इतर. सूप न थांबवता ती म्हणाली, "सासऱ्याला श्रावणात दवाखान्यात नेलं. मुकादमाकडून उचल घेतली. ती फेडायला जातो." मुकादम म्हणजे मजूर नेणारा ठेकेदार, आणि उचल म्हणजे त्याने आगाऊ दिलेले पैसे. मुलाने 'रोजगार'वर बोट ठेवलं आणि पुढच्या प्रश्नावर गेला. सगळं मिळून दहा सेकंदं लागली असतील.

त्या मुलाला मी दोष देत नाही. संध्याकाळपर्यंत त्याला बरीच घरं करायची होती, आणि 'रोजगार' हे उत्तर खोटंही नव्हतं. पण तिच्या तीन वाक्यांना एक क्रम होता. आधी आजारपण, मग उचल, मग जाणं. तो क्रम म्हणजेच कारण होतं. ॲपच्या रकान्यात 'किती' मावतं, 'आधी काय आणि मग काय' मावत नाही. ते धरून ठेवायला माणसाने फार पूर्वीच गोष्ट नावाचं साधन तयार केलं आहे. अहवालात पुढे छापून आलं की बहुतेक कुटुंबं रोजगारासाठी स्थलांतर करतात. वाचणाऱ्याला वाटणार, काम मिळतं म्हणून जातात. ती जात होती कारण आजारपणात घेतलेली उचल फेडायची होती.

आता याची दुसरी बाजू. नुसत्या त्या बाईवर मी पंधरा पानं लिहिली असती, तर ती सर्वेक्षणातल्या घरांत एकटीच आहे की तिच्यासारखी कितीतरी घरं आहेत, हे गोष्टीला कधीच सांगता आलं नसतं. गोष्टीचा हाही एक धोका आहे. ती मनात घर करते, आणि मग एकच माणूस सगळ्या तालुक्याचा चेहरा होऊन बसतो. म्हणून तिच्या उत्तरानंतर आम्ही पुन्हा घरोघर गेलो आणि नवा प्रश्न विचारला: उचल घेतली का, आणि कशासाठी? आजारपण, लग्न, घर शाकारणं, आधीच्या हंगामाचं उरलेलं देणं. हे पर्याय आम्ही ऑफिसात बसून केले नव्हते, लोकांच्या बोलण्यातून उचलले होते. तुमच्या मार्गदर्शकांना हे समजावून सांगा. गोष्टींच्या चौथ्या प्रकरणाने तक्त्यांच्या तिसऱ्या प्रकरणाला प्रश्न दिला पाहिजे आणि तिसऱ्याने चौथ्याला वजन. सध्या तुमच्या प्रबंधात दोन्ही प्रकरणं एकमेकांशी बोलत नाहीत, आणि माझ्या मते खरा दोष तिथे आहे.

मराठीत 'रचणे' हे क्रियापद दोन्हीकडे चालतं. ओवी रचतात, आणि खोटी साक्षही रचतात. अमेरिकन मानवशास्त्रज्ञ क्लिफर्ड गीर्ट्झ यांनी १९७३ साली मांडलं होतं की मानवशास्त्रज्ञाचं लेखन हे घडवलेलं असतं, घडवलेलं या अर्थाने 'फिक्शन', खोटं या अर्थाने नव्हे. मग १९८६ च्या सुमाराला जेम्स क्लिफर्ड आणि जॉर्ज मार्कस यांनी संपादित केलेल्या लेखांमुळे त्यावर बराच वाद झाला. तो वाद तुम्ही दुसऱ्या प्रकरणात दिलाच आहे, त्याहून जास्त नको. आपल्या भाषेला हे एका शब्दात कळलेलं आहे. रचना हवी, रचून सांगणं नको.

आपल्याकडचं याचं सर्वांत मोठं उदाहरण मानवशास्त्रज्ञ आणि लेखिका इरावती कर्वे यांचं. १९२० च्या दशकाच्या शेवटी त्या बर्लिनला होत्या आणि कवट्या मोजत होत्या. विषय होता मानवी कवटीची असममिती. त्यांचे मार्गदर्शक ऑयगेन फिशर हे वंशश्रेष्ठत्व मानणारे. इरावतीबाईंनी आकडे मांडले आणि त्या आकड्यांतून गुरूंच्या गृहीतकाला आधार मिळत नाही, असा निष्कर्ष लिहिला. पुढे त्याच बाई वारीत चालल्या आणि त्यावर ललित म्हणावा असा लेख लिहिला. एकाच दिंडीत चालणारे, एकच अभंग म्हणणारे लोक जेवायला मात्र जातीजातीने वेगळे बसतात, हे त्यांनी त्यात वेदनेने नोंदवलं. ज्या प्रदेशातले लोक पंढरपूरला वारीला जातात तो महाराष्ट्र, ही त्यांची व्याख्याही त्याच चालण्यातून आली. ती कुठल्याही नकाशाच्या रकान्यातून निघाली नसती. वंशवादाविरुद्ध त्यांना मोजपट्टी उपयोगी पडली आणि पंक्तिभेदाविरुद्ध पाय. साधन कुठलं, हे समोरचा प्रश्न ठरवतो. "मी आकड्यांची" किंवा "मी गोष्टींची" अशी बाजू घेऊन बसणं मला पटत नाही.

तुम्ही नाशिकमध्येच आहात, तर एक दिवस पांडवलेण्यांवर घालवा. मी विद्यार्थ्यांना नेहमी नेते. दहा क्रमांकाच्या लेण्यात क्षत्रप राजा नहपान याचा जावई उषवदात याचा लेख आहे. तो अक्षरशः हिशेबाची वही आहे. ३००० कार्षापणांची, म्हणजे त्या काळच्या नाण्यांची, कायम ठेव. त्यातले २००० नाशिकजवळच्या गोवर्धनच्या विणकरांच्या एका श्रेणीकडे, म्हणजे व्यावसायिक संघाकडे, दरमहा शेकडा एक या व्याजाने, उरलेले १००० दुसऱ्या श्रेणीकडे शेकडा पाऊण या व्याजाने. मुद्दल परत मागायचं नाही, फक्त व्याज वापरायचं. त्या २००० च्या व्याजातून लेण्यात वर्षावास, म्हणजे पावसाळ्याचा मुक्काम, करणाऱ्या वीस भिक्षूंना प्रत्येकी बारा कार्षापण वस्त्रासाठी. गणित करून बघा. २००० वर महिन्याला २०, वर्षाला २४०. वीस गुणिले बारा, २४०. दोन हजार वर्षांपूर्वीचा हिशेब आजही एका नाण्याचा फरक न पडता जुळतो. मी पहिल्यांदा हे गणित केलं, तेव्हा तिथेच ओट्यावर बसून राहिले होते.

तिथून चालत तीन क्रमांकाच्या लेण्यात या. तिथे राजमाता गौतमी बलश्री आपल्या गेलेल्या मुलाविषयी, सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णीविषयी बोलते आहे. ज्याच्या घोड्यांनी तीन समुद्रांचं पाणी प्यायलं, ज्याचं मुख सूर्यकिरणांनी उमललेल्या निर्मळ कमळासारखं होतं. हे काव्य आहे. आणि तरीही याच लेखात अपरांत, विदर्भ, मूलक, सुराष्ट्र अशी प्रदेशांची यादी आहे, आणि इतिहासकार त्यावरून राज्याचा नकाशा काढतात. उलट उषवदाताच्या कोरड्या हिशेबातून मला एक गोष्ट ऐकू येते. क्षत्रपाच्या जावयाला पैसा कायमचा ठेवायचा होता, आणि तो त्याने गोवर्धनच्या विणकरांकडे ठेवला. एवढी त्यांची पत होती. एकाच डोंगरावर, काही पावलांच्या अंतरावर हिशेब आणि शोक दोन्ही कोरलेले आहेत, आणि एकावाचून दुसऱ्याने आपल्याला तो काळ कळत नाही. पण दोन्ही एकाच पद्धतीने वाचायचे नसतात. घोड्यांनी खरंच किती समुद्रांचं पाणी प्यायलं, हे मोजायला गेलात तर फसाल. बारा कार्षापणांत उपमा शोधायला गेलात तरी फसाल.

डेटाच्या काळातलं आपलंच एक मोठं काम म्हणजे जात्यावरच्या ओव्यांचा संग्रह. हेमा राईरकर आणि गी पॉईतवाँ या संशोधकांच्या पुढाकाराने महाराष्ट्रातल्या हजाराहून जास्त गावांतून लाखावर ओव्या गोळा झाल्या, आणि त्या विषयवार सांकेतिक क्रमांक देऊन संगणकावर लावल्या गेल्या. आता हे साहित्य आहे, मानवशास्त्र आहे की डेटाबेस? तिन्ही आहे. विषयाचे क्रमांक नसते तर लाखभर ओव्यांत कुणी काही शोधूच शकलं नसतं. पण सासुरवासाच्या कप्प्यात ठेवलेली ओवी एखादी म्हातारी आईच्या आठवणीने गाते तेव्हा ती कुठल्या कप्प्यातली, हे तिचा आवाज ठरवतो. म्हणून ध्वनिमुद्रण जपणं महत्त्वाचं होतं. तुमच्या चाळीस तासांनाही हेच लागू आहे. लेखी रूप हाती आलं म्हणून मूळ आवाज पुसू नका.

आता सॉफ्टवेअर. इथे मी जरा सविस्तर लिहिते, कारण मी स्वतः वापरलं आणि हात पोळून घेतले. बारा तासांच्या मुलाखती एका सॉफ्टवेअरला दिल्या. त्याने 'डोंगऱ्यादेव'चं 'डोंगरावर देव' केलं. मार्गशीर्षात कोकणा लोक ज्या देवासाठी रात्ररात्र नाचतात, त्याचं एक साधं स्थलवाचक वाक्य झालं. ते लगेच सापडलं, दुरुस्त केलं. दुसरी चूक सापडायला तीन आठवडे लागले. मुलाखतींत 'उचल' हा शब्द सतत येत होता. उचल घेतली, उचल फिटली नाही, उचलीवर गेलो. लेखी रूपात शब्द बरोबर उतरला होता. पण गोषवाऱ्यात मात्र आलं, "महिलांना बागेत वजन उचलण्याचे काम करावे लागते." वाक्य शुद्ध होतं, ओघवतं होतं, वाचून कुणालाही पटलं असतं. आणि त्या माणसांचं अख्खं वर्ष ज्या कर्जाने बांधलेलं आहे ते कर्जच त्यातून नाहीसं झालं होतं.

हे मला आकड्यांच्या चुकीपेक्षा जास्त भीतीदायक वाटतं. जुळत नसलेला आकडा डोळ्यात खुपतो, गुळगुळीत वाक्य खुपत नाही. म्हणून लेखी रूपासाठी सॉफ्टवेअर वापरा, पण कान लावून ओळ अन् ओळ तपासा. गोषवारा मात्र स्वतः करा. चाळीस तास ऐकायला दोन महिने जातील, जाऊ द्या. आणखी एक गोष्ट: त्या बायकांनी "हो, कर रेकॉर्ड" असं तुम्हाला म्हटलं होतं, कुठल्या कंपनीच्या सर्व्हरला नाही. फाईल कुठे जाते, किती दिवस राहते, हे आधी बघा आणि नावं-गावं काढल्याशिवाय काहीही चढवू नका.

क्लाउडवर सगळं सुरक्षित आहे म्हणून निर्धास्त असलेल्यांना मी समाजशास्त्रज्ञ एम. एन. श्रीनिवास यांची हकीगत सांगते. १९४८ मध्ये त्यांनी म्हैसूरजवळच्या गावात राहून काम केलं. त्या टिपणांवर वर्षानुवर्षं प्रक्रिया करून तयार केलेल्या तिन्ही प्रती १९७० च्या एप्रिलमध्ये स्टॅनफर्डला लागलेल्या आगीत जळाल्या. मग त्यांनी आठवणीतून लिहायचं ठरवलं, आणि १९७६ मध्ये 'द रिमेम्बर्ड व्हिलेज' आलं. भारतीय गावावरच्या सर्वांत जिवंत पुस्तकांतलं ते एक आहे. पण यावरून टिपणं नसली तरी चालतात असं समजू नका. ते गाव त्यांच्या अंगात मुरलं होतं, कारण ते तिथे राहिले होते आणि त्या टिपणांवर त्यांनी वर्षानुवर्षं काम केलं होतं. ज्याने मुलाखत एकदाही पूर्ण ऐकली नाही त्याच्याकडे आगीनंतर काय उरणार?

तुमच्या प्रश्नात एक शब्द मला खटकला, 'माहितीदाता'. आपल्या विषयात तो रूढ आहे, तरी सोडता आला तर सोडा. नाशिकच्या विहितगावात जन्मलेले दलित कथाकार बाबूराव बागुल यांच्या कथा समाजशास्त्राच्या वर्गात पुरावा म्हणून लावतात आणि साहित्याच्या वर्गात 'अनुभवाचं दाहक चित्रण' म्हणून. त्या कथेची बांधणी, तिची वाक्यं, काय आधी सांगायचं आणि काय दाबून ठेवायचं याचा लेखकाने केलेला विचार, यावर दोन्ही वर्गांत फार थोडं बोललं जातं. वरच्या घरातल्याने लिहिलं की शैली आणि वस्तीतल्याने लिहिलं की माहिती, ही वाटणी अन्यायाची आहे. तुमच्या तिघीही नुसती माहिती देत नाहीत, त्या सांगतात. ज्या पट्ट्यात थाळीवर काडी उभी करून तिच्या सुरावर रात्रभर कथा सांगणारे आहेत, तिथल्या माणसाला गोष्ट कुठे थांबवायची हे आपल्याहून चांगलं कळतं.

आणि मला तसं शिकवणारी एक आजी होती. तिच्या मुलीच्या मरणावर मी दीड पान लिहिलं होतं. शेवटी लिहिलं होतं, "सांगता सांगता तिचे डोळे भरून आले." वर्षभराने तो भाग घेऊन मी तिच्याकडे गेले आणि वाचून दाखवला. ती चुलीपाशी बसली होती. सगळं शांतपणे ऐकलं, आणि मग म्हणाली, "ताई, मी नव्हते रडले. धूर होता." मी वही काढली. वहीत त्या दिवशीच्या पानावर डोळ्यांविषयी एक शब्दही नव्हता. होतं ते एवढंच: "चूल पेटत नाही. ओली लाकडं. थांबली. पुन्हा फुंकली." अश्रू मी नंतर शहरात, टेबलावर बसून घातले होते. मला वाटलं होतं की मी तिचं दुःख पोचवते आहे. खरं तर लेकीच्या मरणाविषयी बोलताना ती चूल फुंकत राहिली होती, आणि तेच मी वाचकापासून काढून घेतलं होतं. आता त्या पानावर ओली लाकडं आहेत, अश्रू नाहीत. साहित्य म्हणूनही ते पान आधीपेक्षा चांगलं झालं आहे, हे मी मुद्दाम नोंदवते.

यात तीन बायकांची एक बाई करण्याच्या प्रश्नाचं उत्तर आहे. करू नका. तीन जणींचं जोडून केलेली बाई "असं नव्हतं झालं" म्हणायला कधीच दारात उभी राहणार नाही. कादंबरी लिहायची असेल तर उघडपणे कादंबरी लिहा. मानवशास्त्रज्ञ लॉरा बोहॅनन यांनी नायजेरियातल्या तिव लोकांवर शास्त्रीय लेखनही केलं आणि १९५४ मध्ये टोपणनावाने एक कादंबरीही लिहिली. दोन पुस्तकं, वाचकाशी दोन वेगळे करार. तुमच्या मित्राला हे सांगा.

ओळख लपवण्याचा प्रश्न मात्र खरोखर अवघड झाला आहे. पूर्वी नाव बदललं की पुरत होतं. आता चाळीस घरांचा पाडा, जीपीएसची नोंद, मुलांची संख्या आणि ज्या बागेत काम केलं तिथल्या द्राक्षांचं वाण एवढं दिलं की तालुक्यातला कुणीही मोबाईलवर दोन मिनिटांत घर शोधेल. मुकादमही शोधेल. माझा नियम असा की गाळायचं, बदलायचं नाही. नाव सोडून काहीही खोटं घालायचं नाही. तीन मुलींची दोन मुलं करायची नाहीत, मुलांचा उल्लेखच काढायचा. आणि काय गाळलं, कोणत्या कारणाने गाळलं, हे प्रस्तावनेत सांगायचं. गाळूनही माणूस पानावर जिवंत ठेवणं हे लेखकाचं कसब आहे आणि ते आपल्याला शिकावंच लागतं. तुमच्या दुसऱ्या बाईचा भाग या कसोटीवर आत्ता उतरत नाही, ती सहज ओळखू येते. तो पुन्हा लिहा.

मार्गदर्शकांसाठी तडजोड सुचवते. चौथं प्रकरण आहे तसंच ठेवा. प्रत्येक उताऱ्याच्या शेवटी वहीचा क्रमांक आणि तारीख द्या. उचलीचा तक्ता तिसऱ्या प्रकरणातून उचलून इथे, पहिल्या बाईच्या हिशेबाशेजारी आणा. तिची उचल, तिचे छाटणीचे दिवस, डोळे फुटावेत म्हणून काड्यांना पेस्ट लावण्याचे दिवस, उक्त्या कामाचे पैसे आणि शेवटी फिटलं किती, हे सगळं तुमच्याकडे आहे. उषवदाताच्या लेखासारखं मांडा, कुणालाही बेरीज करून बघता आली पाहिजे.

आणि हे सगळं करायच्या आधी पाड्यावर एक फेरी मारा. भात-नागलीची कापणी उरकली की या तिघी द्राक्षाच्या गोडी छाटणीला, म्हणजे फळासाठी होणाऱ्या छाटणीला, निघतील, मग वस्तीवर म्हातारी आणि पोरंच राहतील. प्रत्येकीला तिचाच भाग, तिच्याच घरी, मुकादम आसपास नसताना वाचून दाखवा. सकाळच्या पहिल्या एसटीने गेलात तर त्या शेतावर जायच्या आधी भेटतील.